लंडनमध्ये पाठ टेकायला जागा

१८८८ साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेले गांधी पहिल्यांदा उतरले ते व्हिक्टोरिया हॉटेलात. तिथलं तीन पौंडांचं बिल हातात पडल्यावर त्यांना धक्काच बसला, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलंय. एवढं करून पोट रिकामंच. एक पदार्थ घशाखाली उतरला नाही म्हणून दुसरा मागवायचा आणि पैसे दोन्हींचे मोजायचे, असा तो मामला होता. मग त्यांनी पै-पैचा हिशेब मांडायला सुरुवात केली. एका कुटुंबात पैसे भरून राहून झालं, मग दोन खोल्या घेतल्या, पुढे दोनाची एक केली, शेगडी विकत आणली आणि सकाळची ओटची लापशी खोलीतच शिजवायला लागले. दिवसाकाठी एक शिलिंग तीन पेन्समध्ये भागवण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. यातला मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो त्यांचा जागा निवडण्याचा नियम: कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता आलं पाहिजे. म्हणजे गाडीभाडं वाचतं आणि चालणंही होतं.

आज लंडनला जाणारा मराठी प्रवासी नेमकं उलटं करतो. तो मोबाइलवर दर चढत्या क्रमाने लावतो, सगळ्यात वरची खोली उचलतो आणि मग ती नकाशात शोधतो.

या शहरात दिवस स्वस्तात घालवता येतो. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्या कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही. बागा फुकट, थेम्सच्या काठाने मैलोन्मैल चालणं फुकट. महाग असते ती रात्र. वर्षाला दोन कोटींच्या आसपास परदेशी पाहुणे इथे येतात, खेरीज ब्रिटनमधलेच लोक कामासाठी आणि नाटकं बघायला येतात ते वेगळे. उन्हाळ्यात मध्य लंडनमध्ये स्वतंत्र बाथरूम असलेली धड खोली शंभर पौंडांच्या आत मिळाली तर नशीबच म्हणायचं. पण कमी दराच्या खोल्या असतात, आणि त्यातल्या प्रत्येक खोलीच्या कमी दराला काहीतरी कारण असतं. तिथे एरवी राहणारं माणूस गावी गेलेलं असतं, किंवा खोलीत काहीतरी कमी असतं, किंवा ती लांब असते, नाहीतर कोणीतरी आपल्याला टोपी घालत असतं. शेवटचं सोडलं तर बाकीच्या तिन्ही कारणांशी जमवून घेता येतं. कारण काय आहे ते आधी शोधायचं आणि ते आपल्याला जाचणार आहे का, एवढंच बघायचं.

गावी गेलेल्यांमध्ये पहिला नंबर विद्यार्थ्यांचा. लंडनमधल्या विद्यापीठांची वसतिगृहं उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी होतात आणि तेव्हा त्यातल्या बऱ्याच खोल्या पर्यटकांना दिल्या जातात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं बँकसाइड हाउस हे वसतिगृह टेट मॉडर्नच्या अगदी पाठीमागे आहे, आणि याच संस्थेचं हाय होबर्न रेसिडेन्स कोव्हेंट गार्डनच्या नाटकघरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. इम्पीरियल कॉलेजचा बीट हॉल रॉयल अल्बर्ट हॉलच्या शेजारी. या पत्त्यांवर हॉटेल घ्यायचं म्हटलं तर दुप्पट पैसे पडतील. खोली म्हणजे एकेरी पलंग, अभ्यासाचं टेबल, पुस्तकांचं कपाट आणि भिंतीवर आधीच्या मुलाने लावलेल्या पोस्टरच्या चिकटपट्टीचे डाग. काही ठिकाणी बाथरूम मजल्यावर सामायिक असतं, काही ठिकाणी खोलीतच छोटंसं न्हाणीघर असतं; आरक्षण करताना दोन्हींचे दर वेगवेगळे दिसतात. एकट्या प्रवाशाला तर हे वरदानच. हॉटेलवाला एकट्या माणसाकडूनही जवळजवळ दोघांचेच पैसे घेतो, वसतिगृहात मात्र एकेरी खोलीला एकाचाच दर.

अडचण वेळापत्रकाची आहे. या खोल्या साधारण जुलै ते सप्टेंबर आणि थोड्याफार ईस्टरच्या सुट्टीत मिळतात. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात, तेव्हा तिथल्या मुलांच्या परीक्षा चालू असतात. त्यामुळे शाळकरी मुलांना घेऊन जाणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही. मात्र लेकीच्या किंवा मुलाच्या पदवीदान समारंभाला जाणारे आईवडील हल्ली बरेच असतात, आणि अनेक विद्यापीठांचे समारंभ जुलैत होतात. त्यांनी हॉटेलं चाळण्याआधी ही वसतिगृहं बघावीत.

गावी जाणारी दुसरी जमात म्हणजे बँकवाले. ज्या भागाला नुसतं सिटी म्हणतात, बँक, टॉवर हिल, ऑल्डगेट ही स्टेशनं जिथे येतात, तो लंडनचा मूळ चौरस मैल. सोमवार ते गुरुवार इथली हॉटेलं कंपन्यांच्या खर्चाने राहणाऱ्या लोकांनी भरलेली असतात. शुक्रवारी संध्याकाळी सगळे पांगतात आणि दर उतरतात. कॅनरी व्हार्फलाही तेच. शनिवारी-रविवारी या भागात कॉफी मिळायलासुद्धा जरा फिरावं लागतं हे खरं, पण सेंट पॉल कॅथीड्रल तर सिटीतच आहे आणि टॉवर ऑफ लंडन तिच्या हद्दीला लागून. उलट सोहो, कोव्हेंट गार्डन, वेस्ट एंड या मौजमजेच्या भागात शनिवारची रात्र सर्वांत महाग आणि रविवारची बहुधा सर्वांत स्वस्त. आठवडाभर राहायचं असेल तर वीकएंडला सिटीत आणि मधल्या दिवसांत दुसरीकडे अशी दोन बिऱ्हाडं करण्यात काही वावगं नाही. सामान हलवण्यात अर्धा दिवस जातो, तो हिशेबात धरायचा.

तारखांचं गणितही असंच. जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा लंडनचा मंदीचा काळ. मेच्या अखेरीस त्यांच्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते आणि त्याच सुमाराला चेल्सीचं फुलांचं प्रदर्शन भरतं. जूनअखेरीला विम्बल्डन सुरू होतं. दिवाळीची सुट्टी पाहून जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही अशी गोष्ट म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातही तिथल्या शाळांना सुट्टी असते. म्हणजे आपण मोकळे झालो की तेही मोकळे, आणि दर दोघांनाही चढे. दिवाळी नोव्हेंबरात आली तर मात्र चांदी.

आता ज्या खोल्यांमध्ये काहीतरी कमी असतं त्यांच्याकडे वळू. पॅडिंग्टन स्टेशनजवळचा ससेक्स गार्डन्स हा रस्ता, किंग्ज क्रॉससमोरचा आर्गाइल स्क्वेअर, अर्ल्स कोर्टच्या मागच्या गल्ल्या, व्हिक्टोरियाजवळचा बेलग्रेव्ह रोड, इथे पांढऱ्या खांबांची, एकमेकींना चिकटून उभी असलेली चार-पाच मजली जुनी घरं ओळीने दिसतात. एकेकाळी ती एकेका सुखवस्तू कुटुंबाची होती. आता त्यातली अनेक छोटी हॉटेलं झालीत. बाहेरून दर्शनी भाग देखणा. आत शिरलात की जेमतेम दीड माणूस मावेल असा बोळ, त्यात एक टेबल म्हणजे स्वागतकक्ष, आणि लगेच नक्षीदार गालिचा घातलेला अरुंद जिना. पहिल्या मजल्यापर्यंत तो बरा असतो. वर जाल तसा निमुळता आणि उभा होत जातो, कारण वरचे मजले नोकरमाणसांसाठी बांधलेले होते. लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाही. यातल्या बऱ्याच इमारती संरक्षित वारसा यादीत आहेत, तिथे तोडफोड करून लिफ्ट बसवणं सोपं नाही. त्याच कारणाने जुन्या खिडक्यांना दुहेरी काचही नसते, आणि रस्त्याकडेच्या खोलीत पहाटे कचऱ्याची गाडी उशाशी आल्यासारखी वाटते.

मी अशा एका ठिकाणी सर्वांत वरच्या मजल्यावर राहिलो आहे. खोलीच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकचा डबा उभा करून त्याला बाथरूम म्हटलेलं होतं. साबण खाली पडला तर दार उघडून बाहेर यायचं, मग वाकायचं. पण चादरी स्वच्छ होत्या, किटली होती, आणि हाइड पार्क पाच मिनिटांवर. सोबत आई असती तर मात्र ती खोली मी पहिल्याच दिवशी सोडली असती.

म्हणून आरक्षण करण्यापूर्वी हॉटेलला इमेल करून दोन गोष्टी विचाराव्यात: खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का. संकेतस्थळावर लोअर ग्राउंड फ्लोअर लिहिलेलं असेल तर ते अर्धं तळघर असतं; खिडकीतून लोकांचे बूट दिसतात. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी हीच खोली सोयीची ठरते, आणि दर सहसा वरच्यांपेक्षा कमी. शिवाय या जुन्या हॉटेलांमध्ये तिघांच्या, चौघांच्या खोल्या मिळतात. नव्या साखळी हॉटेलांमध्ये हे अवघड. 'आम्ही ॲडजस्ट करू' हे वाक्य तिथे चालत नाही. आगीच्या नियमांमुळे खोलीत किती माणसं हे ठरलेलं असतं, आणि पाचवं माणूस सापडलं तर दुसरी खोली घ्यावी लागते.

साखळी हॉटेलांचंही एक शास्त्र आहे. प्रीमियर इन आणि ट्रॅव्हलॉज या ब्रिटिश मध्यमवर्गाच्या ठरलेल्या जागा. त्यांचे दर विमानाच्या तिकिटासारखे हलतात: लवकर घेतलं तर स्वस्त, पण सगळ्यात स्वस्त दरात पैसे परत मिळत नाहीत. प्रीमियर इनमध्ये दोन मोठे आणि दोन मुलं मावतील अशा कौटुंबिक खोल्या असतात, आणि मोठ्या माणसाने न्याहारीचे पैसे भरले की सोबतची दोन मुलं फुकट खातात. दोन खादाड मुलांच्या घरात ही बचत लहान नाही. याच कंपनीच्या हब नावाच्या हॉटेलांत खोल्या मुद्दाम लहान ठेवून त्या मध्यवर्ती भागात दिल्या आहेत. काही स्वस्त हॉटेलांत तर खिडकीच नसते आणि खिडकीवाल्या खोलीचे जादा पैसे असतात. रात्री अकराला येऊन सकाळी आठला बाहेर पडणाऱ्याला खिडकी कशाला हवी? तुम्ही दुपारी येऊन तासभर आडवे होणारे असाल तर हवी.

उकाड्याचाही विचार करावा, हे सांगितलं की लोक हसतात. १९ जुलै २०२२ रोजी हीथ्रोला ४०.२ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तशी लाट रोज येत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये तीस अंशांच्या पुढचे दिवस येतात, आणि जुन्या हॉटेलांत आणि वसतिगृहांत एसी तर नाहीच, छताला पंखाही नसतो. टेबलफॅन मिळेल का, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

यूथ हॉस्टेल म्हटलं की आपल्याकडे अजूनही कॉलेजची पोरं डोळ्यांसमोर येतात. ही कल्पना एका जर्मन शिक्षकाची, रिचर्ड शिरमान यांची. त्यांनी १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं पहिलं हॉस्टेल काढलं; इंग्लंडमध्ये यूथ हॉस्टेल असोसिएशन १९३० मध्ये सुरू झाली. वयाची वरची मर्यादा तिथे नाही आणि निवृत्त जोडपी सर्रास उतरतात. सेंट पॉल कॅथीड्रलला खेटून कार्टर लेनवर त्यांचं एक हॉस्टेल आहे. ती इमारत मुळात कॅथीड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांची शाळा होती. सामायिक खोलीत वर-खाली पलंग असतात. कुलूप आणि टॉवेल आपला न्यायचा. बऱ्याच हॉस्टेलांत कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्याही असतात. दुसऱ्याच्या घोरण्याने ज्याची झोप उडते त्याने मात्र पैसे वाचवायला जाऊ नये, कारण दुसऱ्या दिवशीचं लंडन अर्धवट झोपेत बघून होतं.

लांब असल्यामुळे स्वस्त असणाऱ्या जागांचा हिशेब सर्वांत मजेशीर. लंडनची वाहतूक वर्तुळांमध्ये विभागलेली आहे. मधला झोन एक, मग त्याच्याभोवती दोन, तीन अशी वाढत जाणारी वलयं. एकच कार्ड दिवसभर वापरलं की ठरावीक रकमेनंतर भाडं कापलं जात नाही. २०२५ च्या दरांप्रमाणे झोन एक-दोनमध्ये फिरणाऱ्याची ही मर्यादा दिवसाला ८.९० पौंड, आणि झोन चारपर्यंत जाणाऱ्याची १२.८० पौंड. म्हणजे दोघांनी चौथ्या झोनमध्ये राहायचं ठरवलं तर रोजचे जास्तीचे ७.८० पौंड. खोलीमागे तीस-चाळीस पौंड वाचत असतील तर हा सौदा उघडच फायद्याचा. दहा पौंड वाचत असतील तर नाही. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट जातात. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगून ऑयस्टर कार्डावर पाहुण्या मुलांची सवलत घालून घेता येते, मग भाडं निम्मं होतं. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं. एका कार्डावर चौघांना जाता येत नाही.

पण पैशांच्या झोनपेक्षा मिनिटांचे झोन वेगळे असतात. २४ मे २०२२ ला एलिझाबेथ लाइन सुरू झाली आणि नकाशा एकदम आकसला. पश्चिमेचं साउथॉल, पूर्वेचं इलफर्ड, आग्नेयेचं वुलिच ही सगळी चौथ्या झोनमधली ठिकाणं. पण ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या टोकाला असलेल्या टॉटनम कोर्ट रोड स्टेशनवर तिथून अर्ध्या तासाच्या आतबाहेर पोचता येतं. ईस्ट क्रॉयडन तर पाचव्या झोनमध्ये, पण लंडन ब्रिजला जाणारी जलद गाडी वीस मिनिटांच्या आत पोचवते. याउलट दुसऱ्याच झोनमधलं एखादं हॉटेल स्टेशनपासून वीस मिनिटांवर असेल, तर रात्री नाटक बघून परतताना ते पाचव्या झोनसारखं वाटतं. साउथॉल आणि वेम्बलीचा एलिंग रोड इथे भारतीय जेवण सहज आणि स्वस्त मिळतं, शाकाहाऱ्यांची चिंताच मिटते. वेम्बलीत फक्त एक बघायचं: ९० हजार प्रेक्षक बसणाऱ्या तिथल्या स्टेडियममध्ये त्या तारखेला सामना किंवा संगीताचा कार्यक्रम नाही ना. असेल तर हीच लांबची स्वस्त खोली मध्य लंडनच्या तोडीला जाते.

लांब राहण्याची किंमत गांधींनीही पुढे मोजली. १९३१ च्या गोलमेज परिषदेला ते आले तेव्हा मध्यवस्तीतलं हॉटेल नाकारून पूर्व लंडनच्या कामगारवस्तीत, बो इथल्या किंग्जली हॉलमध्ये राहिले. तत्त्व म्हणून ते राहणं थोरच. पण परिषद सेंट जेम्स पॅलेसमध्ये, शहराच्या दुसऱ्या अंगाला. भेटीगाठी उरकेनात, म्हणून शेवटी नाइट्सब्रिजला एक जागा कामकाजासाठी घ्यावीच लागली. तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ इतकाच की दुपारी खोलीवर परत येण्याची सोय नसेल, तर विश्रांतीही विकत घ्यावी लागते, आणि कॅफेतल्या खुर्चीचं भाडं कॉफीच्या रूपात द्यावं लागतं.

'लंडनला आपलं कोण आहे?' हा आपल्याकडचा ठरलेला पहिला प्रश्न. कोणी ना कोणी निघतंच. स्लाउला भाचा, हॅरोला मावसबहीण. जरूर जावं, पण तिथली घरं लहान असतात, बाथरूम बहुधा एक, दोघंही नोकरीवर, आणि भांडी घासायला बाई येत नाही. तीन रात्रींनंतर पाहुण्याने स्वतःच हॉटेलचा विषय काढावा, असं माझं मत आहे. आणि स्लाउबद्दल एक तांत्रिक बाब: ते लंडनच्या झोनबाहेर आहे. एलिझाबेथ लाइन तिथपर्यंत जाते, पण वेस्ट ड्रेटनच्या पुढे ऑयस्टर चालत नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड लागतं किंवा कागदी तिकीट.

घरच नको, फ्लॅट भाड्याने घेऊ, असं चौघा-पाचांच्या कुटुंबाला वाटणं रास्त आहे. स्वयंपाकघर मिळतं, कपडे धुण्याचं यंत्र मिळतं. पण इथे कायदा आड येतो. १९७३ च्या ग्रेटर लंडन कौन्सिलच्या कायद्याने राहतं घर नव्वद रात्रींपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने द्यायला परवानगी लागत असे. २०१५ मध्ये तो सैल झाला: घरमालकाला वर्षातून एकूण नव्वद रात्रींपर्यंत घर असं देता येतं. एअरबीएनबीने २०१७ पासून ही मर्यादा आपणहून लावली, म्हणजे नव्वद रात्री भरल्या की संपूर्ण घराची नोंदणी त्या वर्षापुरती थांबते. मालक राहत असलेल्या घरातली एखादी खोली घेणं यामुळेच सोपं पडतं. पूर्ण फ्लॅट घ्यायचा असेल तर परवानगी असलेली सर्व्हिस्ड अपार्टमेंट बघावीत. आणि सुरुवातीला ज्या चौथ्या कारणाचा उल्लेख केला, ते टोपी घालणारे इथेच भेटतात. हाइड पार्कसमोर प्रशस्त फ्लॅट, दर निम्मा, आणि मालक म्हणतो की संकेतस्थळाचं कमिशन वाचवू, पैसे थेट माझ्या खात्यात टाका. तिथेच थांबावं. तो फ्लॅट अस्तित्वात असेलही, पण त्याचा नसतो.

स्वयंपाकाचा मोह धरणाऱ्यांनी दोन गोष्टी जाणून असाव्यात. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, साजूक तूप घरीच ठेवावं. मेतकूट, चिवडा, भाजणी, कोरड्या चटण्या खुशाल न्याव्यात. दुसरं, धुराचा अलार्म. मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी बसली की तो किंचाळायला लागतो, आणि वसतिगृह असेल तर सगळी इमारत जिने उतरून रस्त्यावर येते. एक्झॉस्ट आधी लावावा, खिडकी उघडावी, अलार्मला टॉवेल गुंडाळण्याचं डोकं लढवू नये. त्याला दंड असतो. लंडनमध्ये परक्या खोलीत रात्रीची भूक भागवणं ही आपल्या लोकांची जुनीच कसरत आहे. डॉ. आंबेडकर तिथे शिकत असताना रात्री अभ्यासाला बसले की पापड भाजून खात, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलंय. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहत होते ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि एका भाडेकरू विद्यार्थ्याची लंडनमधली खोली कशी असे हे तिथे बघायला मिळतं.

भारतीय विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीच १९२० मध्ये इंडियन वायएमसीए सुरू झालं. फिट्झरॉय स्क्वेअरवरची त्याची आजची इमारत १९५० च्या दशकातली. तिथल्या खोल्या साध्या, कँटीनमध्ये भात-आमटीच्या जातीचं जेवण, आणि पत्ता मात्र ब्रिटिश म्युझियमपासून चालत जाण्यासारखा. अशा जागा कमी होत चालल्यात. स्ट्रँडवरच्या १४३ क्रमांकाच्या इमारतीत स्ट्रँड कॉन्टिनेंटल नावाचं साधं हॉटेल होतं आणि त्याच्याच जिन्यावर इंडिया क्लब. १९५१ मध्ये कृष्ण मेनन आणि त्यांच्या इंडिया लीगच्या मंडळींनी काढलेल्या या क्लबात डोसा-करी खाऊन वर कमी पैशांत मुक्काम करता येत असे, तोही भारतीय उच्चायुक्तालयापासून हाकेच्या अंतरावर. जमीनमालकाला तिथे आधुनिक हॉटेल हवं होतं. २०१८ मध्ये वेस्टमिन्स्टर कौन्सिलने ती योजना फेटाळली, तरी १७ सप्टेंबर २०२३ ला क्लब बंद झालाच. मध्य लंडनमधल्या जुन्या स्वस्त खोल्यांचं सहसा असंच होतं. जागेची किंमत खोलीच्या भाड्यापेक्षा भराभर वाढते, आणि मालकाला जुना जिना परवडेनासा होतो. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या काकांनी सुचवलेलं हॉटेल आधी आहे का ते तपासावं.

शेवटी आरक्षणाचा क्रम. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जात राहण्याचा पत्ता द्यावा लागतो, आणि व्हिसा मिळेलच याची खात्री नसते. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच आरक्षण करावं, भले दर थोडा जास्त असो. नंतर स्वस्त मिळालं तर बदलावं. नातेवाइकांकडे राहणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागवून ठेवावा. मुंबईहून जाणारी बरीच विमानं हीथ्रोला सकाळी उतरतात, आणि खोली मिळते दुपारी दोन-तीनला. बॅगा आधी ठेवून घेतात का हे विचारून घ्यावं, कारण छोट्या हॉटेलांत आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये तेव्हा माणूसच नसतो. दाराशी आकड्यांच्या कुलपाच्या पेटीत किल्ली असते आणि तो आकडा दुपारीच मोबाइलवर येतो. हीथ्रोहून शहरात येण्यासाठी पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त. एलिझाबेथ लाइन जलद, पण भाडं दुपटीहून जास्त. चौघं असाल आणि पॅडिंग्टनलाच उतरायचं असेल तर एलिझाबेथ लाइन घ्यावी, कारण पिकॅडिलीने आलात तर मोठ्या बॅगा घेऊन मध्ये गाडी बदलावी लागते, आणि ट्यूबच्या सगळ्याच स्टेशनांवर लिफ्ट नसते.